उरणच्या जुन्या पेठेसाठी : नगराध्यक्षांस अनावृत पत्र

माननीय नगराध्यक्ष,
उरण नगरपरिषद, उरण, जिल्हा रायगड

यांस,

आपल्या शहराच्या बाजारपेठेत आणि मोरा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास जुन्या पेढ्या, वखारी आणि खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा बांधणीची जी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची रीतसर पाहणी करून यादी करावी आणि त्या यादीस शहराच्या विकास आराखड्यात कायद्याचे स्थान द्यावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. ते आपल्या कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत जमा करून थांबता आले असते. परंतु ज्यांच्या मालकीच्या या वास्तू आहेत ते व्यापारी, ज्यांचा चरितार्थ त्यांवर चालतो ते भाडेकरू, आणि ज्यांच्या नित्याच्या वाटेवर त्या उभ्या आहेत ते नागरिक, या सर्वांची संमती मिळाल्यावाचून असली कामे तडीस जात नाहीत, म्हणून ते सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ही विनंती आजच करण्याचे कारण उघड आहे. मुंबई डोळ्यांसमोर दिसत असूनही तिच्यापर्यंत पोहोचायला ज्या गावाला पिढ्यानुपिढ्या भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर आणि भरती-ओहोटीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले, त्या गावाला १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी रेल्वेचे स्थानक आणि, तालुक्याच्या हद्दीत येऊन टेकणारा, अटल सेतू अशा दोन्ही गोष्टी लाभल्या. या लाभाचा आनंद मला कोणाहूनही कमी नाही. ओहोटीला गाळात रुतणाऱ्या मोऱ्याच्या धक्क्यावर आजारी माणसाला घेऊन ताटकळलेल्या घरांना त्या रेल्वेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परंतु दळणवळण सुलभ झाले की जमिनीचे भाव चढतात, भाव चढले की जुन्या घराची किंमत त्याखालच्या भूखंडाएवढीच उरते, आणि मग कोणताही दुष्ट हेतू नसताना, केवळ हिशेबाच्या ओघात, एकेक घर जाऊन एका पिढीत सबंध पेठ नाहीशी होते. मुंबईच्या उपनगरांत हे घडून चुकले आहे, पनवेलीत घडत आहे, आणि उरणला ते घडावयाचे असेल तर त्याला आता फार अवकाश नाही.

या विषयाचे मूळ मला एका जुन्या सवयीत दिसते. जतन करावयाची वास्तू म्हटली की आपल्या मनासमोर गड येतो, देऊळ येते, लेणे येते. आणि ते योग्यही आहे. आपल्याच तालुक्यातील घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराला बळी पडलेल्या चिरनेरच्या वीरांचे स्मारक आपण भक्तिभावाने राखले आहे, द्रोणागिरीच्या माथ्यावरील भग्न तटबंदीकडे तरुण मंडळी आवर्जून वळू लागली आहेत. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे प्राचीन स्मारकांविषयीचे दोन्ही अधिनियम वाचले, तरी त्यांची भाषा भव्य, प्राचीन आणि एकट्या उभ्या असलेल्या स्मारकाच्या कल्पनेभोवती घडलेली आहे, हे ध्यानात येते. राजाचे, देवाचे आणि हुतात्म्याचे स्मरण आपण ठेवतो. ज्यांच्या देवघेवीवर राजाचा महसूल, देवाची पूजा आणि गावाचे पोट चालले, त्या व्यापाऱ्याच्या, मिठागरवाल्याच्या, हमालाच्या आणि तांडेलाच्या वास्तूंना मात्र आपल्या स्मरणव्यवस्थेत स्थान नाही. उरणसारख्या गावाच्या बाबतीत ही उणीव विशेष गंभीर आहे, कारण हे गाव राजधानीचे नव्हे, तीर्थक्षेत्राचेही नव्हे. हे गाव व्यापाराने वसवले आणि व्यापारानेच वाढवले.

याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. चांजे गावी सापडलेल्या शिलाहार राजांच्या शिलालेखांपैकी राजा सोमेश्वराच्या शके ११८२ च्या लेखात एका बागेच्या उत्पन्नाचे दान पारुत्थ द्रम्मांत मोजून दिलेले आहे. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही येथील वाडीचे उत्पन्न नाण्यांत आकारले जात होते, आणि बाजारावाचून ते शक्य नव्हते. पुढे पोर्तुगीजांनी, उरण ज्यावर वसले आहे त्या करंजा बेटावर, कोट बांधला, चर्चे उभारली. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेच्या काळात हा मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली आला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात तो इंग्रजांनी घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी व घारापुरी यांच्याबरोबर करंजा बेटही त्यांच्याकडेच राहिले. एवढ्याशा बेटासाठी तहाच्या मसुद्यात स्वतंत्र उल्लेख करण्याची गरज दोन्ही सत्तांना का भासली, याचे उत्तर मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या जागेत जितके आहे, तितकेच त्याच्या मिठात आणि जकातीत आहे.

मीठ हा तर या गावाचा प्राणच. खाडीला बांध घालून, उधाणाचे पाणी कप्प्याकप्प्यांतून फिरवून, चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते आटवून, उघड्या पायांनी खार तुडवीत आगरी स्त्री-पुरुषांनी काढलेले मीठ उरणच्या वखारींत साठले आणि गलबतांतून दूरदूर गेले. त्या मिठावर सरकारने बसवलेला कर १९४७ साली उठेपर्यंत मीठ खात्याचे चौकीदार, कारकून, दरोगे आणि त्यांची दप्तरे हा या गावाच्या जीवनाचा नित्याचा भाग होता. मिठाच्या जोडीला मोहाच्या दारूचा धंदा होता. पारशी मक्तेदारांच्या भट्ट्यांसाठी मोहाची फुले येथे येत आणि गाळलेला माल सरकारी देखरेखीखालील गुदामांत राहून, कर भरल्यानंतरच मुंबईकडे रवाना होई. त्या धंद्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्यातून उद्ध्वस्त झालेली घरेही याच मुलुखात होती. परंतु इतिहासाची साधने आपल्या नीतिकल्पनांच्या चाळणीतून गाळून ठेवावयाची नसतात. मीठ, दारू, भात, मासळी, जळाऊ लाकूड आणि कौले यांच्या उलाढालीतून ही पेठ उभी राहिली, आणि त्या उलाढालीचा प्रत्यक्ष, स्पर्श करता येईल असा पुरावा आज त्या पेठेच्या घरांखेरीज कोठेही उरलेला नाही. मिठागरांपैकी बहुतेकांवर भराव झाला आहे आणि तेथे कंटेनरांच्या रांगा लागल्या आहेत. गलबते गेली, भट्ट्याही गेल्या.

अशा घरांपैकी एखादे आपण स्वस्थपणे पाहावे, अशी माझी विनंती आहे. रस्त्यापासून कमरेएवढे उंच, काळ्या दगडाचे जोते; पावसाळ्यात रस्त्याचे पाणी मालाला लागू नये म्हणून ते तसे उंच ठेवलेले. त्यावर सागवानी खांबांची ओटी, आणि ओटीच्या आत दुकानाचे तोंड बंद करणाऱ्या उभ्या फळ्या, ज्या उंबऱ्यातील व तुळईतील खाचांमध्ये एकामागून एक सरकवतात. प्रत्येक फळीच्या डोक्याशी एक आकडा कोरलेला असतो, कारण हाताने तासलेली कोणतीही फळी दुसरीच्या जागी बरोबर बसत नाही. शेवटच्या फळीला कडी-कोयंडा. आत मधल्या तुळईला एक जाड लोखंडी कडी आढळते, जिच्यात मणाच्या मापाची मोठी दांडी टांगली जाई, आणि वर्षानुवर्षांच्या झोल्यांनी त्या कडीखालच्या लाकडाला पडलेला खोलगट घासा अजून बोटाला लागतो. त्या कडीच्या बरोबर वर माडीच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप असते, तिच्यातून पोती दोराने माळ्यावर चढत; माळ्याला दोन्ही अंगांनी जाळीदार झरोके, म्हणजे समुद्राकडचा वारा आरपार जाऊन धान्याला दमट हवेची बुरशी धरू नये. भिंतींना चुन्याचा गिलावा, जो खाऱ्या हवेतील ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंटचा लेप दिला की ती ओल भिंतीत कोंडते आणि आतला दगड-विटेचा भाग झिजू लागतो; जुनी घरे दुरुस्तीनंतर पाच-सात वर्षांतच पडू लागतात, त्याचे एक मोठे कारण ही दुरुस्तीच असते. या घरात कोरीव शिल्प नाही, शिलालेख नाही, कोणा थोर पुरुषाचा जन्म नाही. परंतु या हवेत, या पावसात, या मालासाठी घर कसे बांधावे याचे अनेक पिढ्यांनी पारखलेले ज्ञान त्याच्या प्रत्येक सांध्यात आहे, आणि ते कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवलेले नाही.

आता कोणी विचारील, की सामान्य दुकानांची अशी बडदास्त कोणत्या शहराने ठेवली? त्याचे उत्तर आपल्याच देशातील पुदुच्चेरीत आहे. १६७४ पासून फ्रेंचांच्या व्यापारी कंपनीने वसवलेले, जानेवारी १७६१ मध्ये इंग्रजांनी जिंकून जवळजवळ जमीनदोस्त केलेले, पुढे फ्रेंचांनी पुन्हा बांधलेले, आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्षात भारताकडे आलेले ते शहर. तेथे समुद्राकडे फ्रेंचांची वस्ती आणि कालव्यापलीकडे तमिळ व्यापाऱ्यांची, असे दोन भाग आहेत. प्रवासी पहिला भाग पाहण्यास जातात. जतनाचे शहाणपण मात्र दुसऱ्या भागात अधिक दिसते. तेथील वैश्याळ वीथी नावाच्या व्यापाऱ्यांच्या रस्त्यावर, घरांच्या दर्शनी बाजू, ओट्या आणि खांबांच्या रांगा यांचा, इन्टॅक या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आणि घरमालकांच्या सहभागाने जीर्णोद्धार झाला. त्या कामास २००८ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतनाचा पुरस्कार दिला. लोक तेथेच राहिले, आणि रस्त्याला त्याचा चेहरा परत मिळाला. त्याच भागात आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा राखलेला आहे. हे गृहस्थ राजे नव्हते, सरदार नव्हते; फ्रेंच गव्हर्नर ड्युप्लेच्या काळातील कंपनीचे दुभाषी आणि व्यापारी होते. परंतु १७३६ ते १७६१ अशी पंचवीस वर्षे त्यांनी तमिळ भाषेत ठेवलेली रोजनिशी आज त्या शतकाच्या इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन मानली जाते. व्यापाऱ्याची वही आणि व्यापाऱ्याचे घर या दोन्ही गोष्टी त्या शहराने जपल्या, म्हणून परकीय सत्तेच्या काळातही तेथे आपल्या माणसांनी काय केले हे सांगता येते. एरवी तो इतिहास गव्हर्नरांच्या नामावळीपुरता उरला असता.

परंतु पुदुच्चेरीचा दुसरा धडाही आपल्यापासून लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समुद्रकिनाऱ्यावरील तेथील जुनी नगरपालिकेची इमारत, जिला फ्रेंच नावाने मेरी म्हणतात, वारसा म्हणून सर्वमान्य होती. तिची दुरवस्था सर्वांना ठाऊक होती, दुरुस्तीच्या चर्चा चालू होत्या, आणि त्या चालू असतानाच २९ नोव्हेंबर २०१४ रोजी पावसात ती कोसळली. पुढे कित्येक वर्षांनी तिच्या जागी तशीच नवी इमारत उभी करण्यात आली. ती देखणी आहे. तथापि पडलेली वास्तू पुन्हा बांधता येते, ती परत आणता येत नाही. यादीत नाव असणे हा संरक्षणाचा आरंभ आहे. छपराची कौले दरवर्षी मृगापूर्वी शाकारली गेली नाहीत तर कोणताही ठराव त्या छपराला तारू शकत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील रेवदंडाही या संदर्भात आठवावा. करंज्याहून तरीने रेवसला उतरून जेथे दोन-अडीच तासांत जाता येते, आणि रेवस-करंजा पूल झाला की आणखी जवळ येईल, त्या रेवदंड्यास पोर्तुगीजांनी १५१६ साली प्रथम वखार घातली आणि किल्ला त्यानंतर बांधला. तटाच्या आत आज माडा-पोफळींच्या वाड्यांत मनोरे, कमानी आणि भिंतींचे तुकडे उभे आहेत. पाहणारा त्यांना किल्ला म्हणतो, आणि हे गाव प्रथम बाजार होते ही गोष्ट त्याच्या मनातही येत नाही. १७७७ साली सँ ल्यूबँ हा फ्रेंच वकील याच चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उतरून पुण्यास नाना फडणिसांच्या भेटीस गेला, आणि हे बंदर फ्रेंचांच्या हाती जाणार या धास्तीने इंग्रज अस्वस्थ झाले, हे इतिहासाचे विद्यार्थी जाणतात. पण त्या बंदरातील पेढ्या, सावकारांची घरे, कोष्ट्यांचे माग यांपैकी काही दाखवावे म्हटले तर दाखवण्याजोगे फारच थोडे उरले आहे. ज्या चौलचा माल एके काळी इराण-अरबस्तानपर्यंत जाई, त्याच्या व्यापाराचा इतिहास आज परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांवरून जुळवावा लागतो. उरणवर ती पाळी येऊ नये.

या विनंतीस येणाऱ्या हरकती मला ठाऊक आहेत, आणि त्या क्षुल्लक नाहीत. ज्या तालुक्याने १९७० नंतर शहर वसवण्यासाठी आणि बंदरासाठी आपल्या जमिनी संपादनात गेलेल्या पाहिल्या, ज्याने १९८४ च्या जानेवारीत जासई येथे न्याय्य मोबदल्यासाठी आपली माणसे गोळीबारात गमावली, त्या तालुक्यातील घरमालकाला संरक्षण या शब्दात आणखी एका संपादनाचा वास आला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच यादी करताना पहिली ग्वाही अशी असावी, की मालकी, विक्री आणि वारसा यांवर तिचा काडीचाही परिणाम होणार नाही. मुंबईने १९९५ साली वारसा-नियमावली केली तेव्हा वास्तूंच्या तीन श्रेणी ठरवल्या; पेठेतील बहुतेक घरांना तिसरी श्रेणी पुरेशी आहे, जिच्यात आत सोयी करता येतात, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वीज, पाणी सारे काही बदलता येते, मात्र रस्त्याकडील दर्शन, उंची आणि रस्त्याशी असलेले नाते राखावे लागते. दुसरी हरकत खर्चाची. सागवान महाग आहे, चुन्याचे काम जाणणारे गवंडी दुर्मीळ झाले आहेत, आणि जुन्या भाड्यात मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही उरत नाही. ही अडचण खरी आहे. आणि ज्या गोष्टीचा लाभ सर्व गावाला, तिचा भार एकट्या मालकावर टाकणे अन्यायाचे होईल, हेही खरे आहे. तिसरी हरकत सुरक्षिततेची. जे घर खरोखर धोकादायक असेल ते उतरवावेच लागेल. माणसाच्या जिवाहून कोणतीही तुळई मोलाची नाही. मात्र धोकादायक ठरवण्यापूर्वी जुन्या बांधकामाचे ज्ञान असलेल्या अभियंत्याचा दाखला घ्यावा, एवढा शिरस्ता असावा. कारण लाकडी सांगाड्याचे घर काँक्रीटच्या कसोटीवर तपासले तर ते नेहमी नापासच होते.

हे सर्व ध्यानात घेऊन माझ्या मागण्या मी मोजक्याच ठेवतो. पहिली, नगरपरिषदेने इतिहास, वास्तुशास्त्र आणि स्थानिक व्यापार यांतील जाणकारांची एक समिती नेमून पेठेतील व मोरा परिसरातील जुन्या व्यापारी वास्तूंची छायाचित्रे, मोजमापे आणि मालकांच्या तोंडच्या आठवणी यांसह नोंद करावी. घर पुढे राहो वा न राहो, नोंद राहील. दुसरी, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम २२ विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करण्यास मुभा देते. तिचा उपयोग करून ही यादी आराखड्यास जोडावी. तिसरी, यादीतील घराची योग्य रीतीने दुरुस्ती करणाऱ्या मालकास मालमत्ता करात सवलत आणि दुरुस्तीच्या खर्चात वाटा देण्याची तजवीज करावी, आणि त्यासाठी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाकडे विनंती करावी. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले ते प्रचंड बंदर ज्या किनाऱ्यावर उभे आहे, त्या किनाऱ्याला बंदराचा व्यवहार मोऱ्याने आणि करंज्याने आधीच शिकवलेला होता, हे ऋण मोठ्या बंदराने मान्य करण्यात त्याचा गौरवच आहे. चौथी, एखादी जुनी वखार मालकाच्या संमतीने घेऊन तिच्यात मिठागरांचे छोटे संग्रहालय करावे. फावडी, पावडी, टोपल्या, मापे, मीठ खात्याचे परवाने आणि जुने हिशेब अद्याप घराघरांतून आहेत, आणि ज्यांनी स्वतः मीठ काढले ती वृद्ध माणसेही आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्याचा काळ मात्र आता वर्षांनी मोजण्याइतकाच उरला आहे.

या कामाला कोटींचा निधी लागत नाही. पहिल्या टप्प्याला तर एक ठराव, काही जाणती माणसे आणि पावसाळ्यापूर्वीचे काही महिने एवढेच पुरेसे आहे. उरण मोठे होणार, यात शंका नाही. ते मोठे होत असताना नव्याने येणाऱ्या माणसाला येथे कंटेनर आणि उंच इमारती यांखेरीज काहीच दिसले नाही, तर मुंबईचे एक आणखी उपनगर यापलीकडे त्याला या गावाची ओळख पटणार नाही. आणि ज्या गावाची ओळख इतरांना पटत नाही, त्या गावाच्या मागण्याही कोणी फार काळ ऐकत नाही. पेठेचे जतन हा म्हणूनच भावनेचा विषय असला तरी तेवढ्यापुरता नाही. या शहराच्या भावी वजनाचा तो विषय आहे.

तरी पाहणी-समितीच्या नेमणुकीचा विषय आपण नगरपरिषदेच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या सभेस पेठेतील मालक व भाडेकरू या दोघांनाही आपले म्हणणे मांडण्यासाठी बोलवावे, ही आग्रहाची विनंती. समितीस नोंदी लिहिण्याच्या, जुने कागद वाचण्याच्या आणि घरोघर जाण्याच्या कामी माझ्यासारख्या माणसाचा उपयोग होणार असेल, तर तो विनावेतन आणि आनंदाने देण्यास मी बांधील आहे.



आपला नम्र,
उरणच्या पेठेतील एक रहिवासी